जांभ्या डोंगराचे गाव

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात खरोसा नावाचे एक गाव आहे. लातूरपासून ते सुमारे ४५ किलोमीटर दूर, निलंग्याच्या बाजूस वसले आहे. गावाकडे जाताना वाटेच्या दोन्ही अंगांना सपाट काळी राने लागतात. ज्वारीची, तुरीची, सोयाबीनची शेते मागे पडत जातात आणि मग क्षितिजावर एक बुटकी, लांबट टेकडी दिसू लागते. तिलाच येथील लोक डोंगर म्हणतात. सह्याद्रीच्या कड्यांखाली वाढलेला कोकणातील माणूस हा डोंगर पाहून कदाचित हसेल. परंतु जेथे कोसच्या कोस जमीन हलकेच वर चढते आणि हलकेच खाली उतरते, तेथे एवढी उंचीसुद्धा दुरून ओळखू येते; वाटसरूला तिची खूण पुरते आणि गुराख्याला तिच्या माथ्यावरून चार गावांचे शिवार दिसते.

हा डोंगर एकटा नाही. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून हरिश्चंद्रगडाजवळ एक फाटा आग्नेयेकडे निघतो. अहिल्यानगर, बीड, धाराशिव असे जिल्हे ओलांडीत तो लातूर जिल्ह्यात येतो. या फाट्याला बालाघाटाची रांग असे नाव आहे. रांग म्हटली, की शिखरामागून शिखर डोळ्यांपुढे उभे राहते; बालाघाटाचे तसे नाही. पूर्वेकडे येता येता त्याची उंची मोडत जाते, तो पसरट होतो आणि अखेरीस समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीचे एक पठारच तयार होते. या पठारावर इकडे तिकडे उरलेल्या टेकड्यांपैकी खरोशाचा डोंगर ही एक होय.

या डोंगराकडे जवळून पाहिले, की पहिली गोष्ट नजरेत भरते ती त्याचा रंग. भोवतालची माती काळीभोर, ओढ्यांच्या काठचे खडकही काळे. आणि डोंगर मात्र तांबूस, विटकरी. हा रंग जांभ्या दगडाचा आहे. जांभा म्हटला, की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील घरे आणि कुंपणाचे गडगे आठवतात. समुद्रापासून एवढ्या दूर, मराठवाड्याच्या कोरड्या पठारावर तो कोठून आला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर शोधायचे तर फार मागे जावे लागते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर पडू लागला. हे काम एका दिवसात आटोपले नाही. एक थर पसरला, निवाला, त्यावर पुन्हा दुसरा पसरला, असे लक्षावधी वर्षे चालले. महाराष्ट्राची बहुतेक भूमी याच थरांनी बनली आहे. त्या थरांतील घट्ट, जड खडकास काळा पाषाण म्हणतात. काही थरांच्या माथ्यावर वायूचे बुडबुडे अडकून राहिल्याने सच्छिद्र, ठिसूळ खडक तयार झाला. विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या खडक या नावाने ओळखतात. काळा पाषाण लागला, की त्यांचा चेहरा उतरतो आणि मांजऱ्या लागला, की पाण्याची आशा वाटते.

लाव्हा थंड झाला, तेव्हा भारताची भूमी आजच्या जागी नव्हती. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती आणि उत्तरेकडे हळूहळू सरकत होती. सरकताना ती विषुववृत्ताजवळच्या उष्ण आणि अतिपावसाच्या पट्ट्यातून गेली. त्या काळात वर उघड्या असलेल्या काळ्या पाषाणावर वर्षानुवर्षे कोमट पावसाचे पाणी मुरत राहिले. पाण्याने त्यातील चुना, मॅग्नेशियम आणि वाळूचे घटक विरघळवून वाहून नेले. जे विरघळले नाही, ते मागे राहिले: लोहाचा गंज आणि ॲल्युमिनियमची माती. हाच जांभा. त्याचा तांबूस रंग म्हणजे खरोखर लोखंडाचा गंज आहे. आज ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर फिरतात, तेथे एके काळी धो धो पाऊस कोसळत होता, याची साक्ष हा कोरडा डोंगर देतो.

जांभ्याचा आणखी एक विशेष आहे. जमिनीत असताना तो मऊ असतो. सुतार लाकूड तासतो तसा तो तासता येतो. बाहेर काढून वारा-ऊन लागले, की तो कठीण होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश अभ्यासकाने मलबारात गवंडी लोक विटांप्रमाणे हा दगड कापताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. ब्युकॅननच्या आधी कितीतरी शतके खरोशाच्या कारागिरांनी या दगडाचा हा स्वभाव ओळखला होता. फक्त त्यांनी तो पुस्तकात लिहिला नाही, डोंगरात कोरला.

खरोशाच्या डोंगरात लेणी आहेत. ती एकूण बारा असून साधारणपणे इसवी सनाच्या सहाव्या शतकातील मानली जातात. काही लहान, एखाद्या खोलीएवढी. काही ऐसपैस, खांबांच्या ओळी असलेली. आत शिवलिंगे आहेत, नरसिंह आहे, कार्तिकेय आहे, शिव-पार्वती आहेत आणि कैलास उचलू पाहणारा रावणही आहे. एका लेण्यातील बैठी मूर्ती बुद्धाची म्हणून ओळखली जाते. वेरूळ पाहून आलेल्याला येथील शिल्पे ओबडधोबड वाटतात. नाके झिजली आहेत, बोटे गळून गेली आहेत, काही ठिकाणी तर आकृतीची बाह्यरेषा तेवढी उरली आहे. तो दोष कारागिरांच्या हातांचा नव्हे. वेरूळचा काळा पाषाण बारीक कणांचा आणि चिवट आहे; त्यावर छिन्नीने उमटवलेली केसाची बटही टिकून राहते. जांभा जाळीदार असतो. त्यात बारीक नक्षी धरत नाही, आणि धरली तरी पावसाचे पाणी छिद्राछिद्रांतून झिरपून ती आतून पोखरते. मऊ दगड निवडल्याने काम लवकर उरकले असेल, पण त्याच मऊपणाने काम लवकर पुसलेही गेले. जेम्स बर्जेस या पुरातत्त्वज्ञाने बीदर आणि औरंगाबाद या तेव्हाच्या जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांवर लिहिलेला अहवाल १८७८ साली प्रसिद्ध झाला. त्यात या लेण्यांची नोंद आहे. आज डोंगरावर रेणुकामातेचे मंदिर आहे आणि नवरात्रात भोवतालच्या गावांचे लोक दर्शनाला येतात.

एवढ्या लहान गावी एवढे खोदकाम कोणी आणि का करविले असेल? निश्चित सांगणारा लेख नाही. तथापि हा मुलूख पूर्वी आडवाटेचा नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पश्चिमेस धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. त्याचे जुने नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ग्रंथात तगर नगराचा उल्लेख आहे. तेथून मलमलीसारखे कापड गाड्यांवर लादून दूर भडोचच्या बंदराकडे जात असे. अशा व्यापारी वाटांच्या आसपास साधू, कारागीर आणि दानशूर लोक वावरत. पुढच्या काळात औशाला बळकट किल्ला झाला. तो किल्ला डोंगरावर नाही, खोलगट जागी आहे आणि त्याच्याभोवती खंदक आहे. टेकड्या जवळ असताना किल्ला खाली का बांधला, असे वाटेल. पण सैन्याला आणि घोड्यांना तटाआधी पाणी लागते, आणि या भागात पाणी उंचावर राहत नाही.

दगडाने या गावांना जसे देव दिले, तशी घरेही दिली. ओढ्यातून, शेतातून, डोंगराच्या पायथ्यापासून मिळेल तो दगड आणायचा आणि मातीच्या चिखलात रचीत जायचे, ही येथील बांधणीची जुनी रीत. भिंती हातभर नव्हे, दोन-दोन हात रुंद. छप्पर माळवदाचे: लाकडी तुळयांवर फळ्या, त्यांवर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी त्यावर थोडी माती पडे. अशा घरात बाहेर चाळीस अंशांचा उन्हाळा असला, तरी आत गारवा असतो. थंडीत ऊब असते. माळवदावर धान्य, शेवया आणि मिरच्या वाळतात. उन्हाळ्यात घरची माणसे तेथेच झोपतात. हवा, दगड, माती आणि माणसाची गरज यांचा असा मेळ दुसरीकडे क्वचित दिसेल.

आणि हीच घरे एका पहाटे काळ ठरली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी याच औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात भूकंपाचा धक्का बसला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील अनेक गावे काही क्षणांत ढिगारे झाली. सुमारे आठ ते दहा हजार माणसे दगावली. दख्खनचे पठार अचल आहे, येथे मोठा भूकंप होत नाही, असे तोवर मानले जाई. भारताची भूमी अजूनही उत्तरेकडे सरकत आहे आणि हिमालयाला रेटीत आहे. त्या रेट्याचा ताण पठाराच्या पोटातील जुन्या भेगांवरही पडतो, हे त्या पहाटे कळून आले. म्हणजे जी गती जांभा बनविणाऱ्या पावसातून या भूमीला घेऊन गेली, तीच अजून थांबलेली नाही.

पण एवढ्या शक्तीच्या भूकंपात जगात इतरत्र याहून फार कमी माणसे मेली आहेत. येथे माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली. गोलसर दगड चिखलात रचलेले; भिंतीची आतली फळी वेगळी आणि बाहेरची वेगळी; दोघींना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड बहुधा घातलेला नसे. जमीन हलताच दोन्ही फळ्या एकमेकींपासून सुटल्या आणि वर्षावर्षाने जड होत गेलेले माळवद खाली आले. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. सरळ रस्ते, एकसारखी घरे, काँक्रीटचे पट्टे असलेल्या भिंती. जुन्या गावांतूनही लोकांनी विटा-सिमेंटची, पत्र्याची घरे बांधली. पत्र्याखाली उन्हाळा सोसवत नाही, ही तक्रार घरोघर ऐकू येते. पण माळवदाखाली पुन्हा झोपायला त्या रात्रीतून वाचलेली माणसे सहसा धजत नाहीत.

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात: पांढरी आणि काळी. वस्तीची जागा ती पांढरी, कसायची जमीन ती काळी. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंतींनी, राखेने आणि शेणाने वस्तीची माती पांढुरकी होत जाते, म्हणून हे नाव. डोंगराकडेच्या गावात याखेरीज तिसरा रंग असतो, तो तांबडा. डोंगराच्या माथ्याला तांबूस, भुसभुशीत खडा. उतारावर मुरमाड, बरड जमीन. तिच्यात नांगर वीतभर खाली गेला, की खडखडतो. पायथ्याला काळी, खोल माती. उतारावर जी माती नाही ती खाली वाहून गेलेली आहे. म्हणजे वरच्या शेतकऱ्याचे शेत थोडे थोडे खालच्या शेतकऱ्याकडे जात असते आणि खालच्याचे ओढ्यातून नदीला.

काळी माती चमत्कारिक आहे. ओली झाली, की फुगते आणि पायाला लोण्यासारखी चिकटते. वाळली, की आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्या पोटात पाणी फार दिवस राहते. म्हणूनच येथे पावसाळा संपल्यावर ज्वारी पेरतात. आकाशातून थेंब न पडता, जमिनीतल्या ओलीवर आणि रात्रीच्या दंवावर ती हिवाळाभर वाढते. तिची भाकरी माणसाला आणि कडबा बैलांना. खरिपात पूर्वी मूग, उडीद, खरिपाची ज्वारी असे. १९९० नंतर सोयाबीनने बरीचशी राने व्यापली, कारण ते तीन-साडेतीन महिन्यांत हाती येते आणि रोख पैसा देते. तूर मात्र टिकून आहे. तिचे मूळ खोल जाते आणि कोरड सोसते. लातूरची तूरडाळ देशभर जाते.

मार्गशीर्षातील अमावास्येला या भागात वेळ अमावस्या साजरी होते. लोक तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावे ओस पडतात, कारण सारे गाव शेतात असते. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी करून तिच्यात पाच पांडवांचे दगड मांडतात. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, बाजरीचे उंडे आणि नाना प्रकारच्या शेंगा-भाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी असा बेत असतो. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवितात. शेत नसलेली घरेही त्या दिवशी कोणाच्या ना कोणाच्या शेतात जेवतात. हिरवी ज्वारी कमरेइतकी उभी, हरभरा घाट्यावर आलेला, करडईची काटेरी झुडपे बांधाकडेने. मराठवाड्याचे शिवार याहून सुंदर वर्षात कधी दिसत नाही.

डोंगर स्वतः मात्र बहुतेक वर्ष उघडाच असतो. लातूर जिल्ह्यात जंगल अत्यल्प आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माहूरचे डोंगर आहेत. त्यांच्या पायाशी पैनगंगा वळसा घालते आणि उतारांवर सागाची दाट राने आहेत. ते पाहून खरोशाला आले, की दोन्ही ठिकाणे एकाच मराठवाड्यातील आहेत, हे खरे वाटत नाही. येथील माळावर कुसळी गवत, बोरी, बाभळी, हिवर, कोठे सीताफळीची झुडपे. पावसाळ्यानंतर दोन महिने हिरवे, मग सोनेरी, मग करडे. तरीही हा माळ ओसाड नसतो. तित्तिर आणि लावे गवतात फिरतात, ससे असतात, कोल्हे असतात. शेळ्या-मेंढ्यांचे कळप सकाळी चढतात आणि सायंकाळी उतरतात. गावात ज्याला शेत नाही, त्याच्या शेळीला हा डोंगरच शेत आहे.

आता पाण्याचे पाहू. कारण या गावाचे जगणे शेवटी त्यावरच येऊन थांबते. खरोशाचा परिसर हा मांजरा आणि तेरणा या दोन नद्यांमधला उंचवटा आहे. उंचवट्याच्या उत्तर अंगाला पडलेला थेंब मांजरेकडे निघतो, दक्षिण अंगाला पडलेला तेरणेकडे. दोघे वेगवेगळ्या वाटांनी जातात, पण त्यांची ताटातूट फार दिवसांची नसते. निलंगा तालुक्याच्या सीमेवर तेरणा मांजरेला मिळते. तेथून मांजरा कर्नाटकातील बीदरच्या बाजूने तेलंगणात शिरते, निजामसागर धरण भरते आणि मग एकाएकी उत्तरेकडे वळून पुन्हा महाराष्ट्राच्या कडेला येते. नांदेड जिल्ह्यातील देगलूर आणि बिलोली तालुक्यांच्या सीमेने वाहत ती कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. दोन नद्यांच्या मध्ये असलेले गाव पाण्याने समृद्ध असेल, असे नकाशावर पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात दोन्ही नद्या खाली आणि दूर, आणि गाव वर. नद्यांना पाणी देणारे गाव स्वतः पाण्यावाचून राहते.

पाऊसही बेताचाच. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि कोकणात, घाटमाथ्यावर रिते होतात. येथवर येतात ते हलके होऊन. त्यातून जो पाऊस पडतो, तो सारखा पडत नाही. आठ-दहा जोरदार सरींतच वर्षाचा मोठा वाटा पडून जातो आणि मध्ये तीन-तीन आठवडे कोरडे जातात. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे. तेव्हा खडी फोडून लोकांनी पोट भरले. २०१५ साली पाऊस असा रुसला, की धनेगाव येथील मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराचे नळ बंद झाले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला आली. पहिल्या गाडीला दहा डबे होते. प्रत्येकात ५० हजार लिटर, मिळून पाच लाख लिटर कृष्णाकाठचे पाणी. ते पाहायला स्थानकावर गर्दी लोटली होती. शहराला गाडी मिळाली. खेड्यांना रेल्वेचे रूळ नसतात. तेथे टँकर आला, की आडाभोवती घागरींच्या रांगा लागत, आणि तो न आला, की बाया आणि मुले रानातल्या ज्या विहिरीत पाणी उरले असेल तिकडे डोक्यावर हंडे घेऊन जात. त्या महिन्यांत या पट्ट्यातील कित्येक मुलींची शाळा पाण्याने बुडविली, असे म्हणावे लागेल; पाण्याच्या पुराने नव्हे, त्याच्या अभावाने.

डोंगराच्या दगडाचा येथे पुन्हा संबंध येतो. जांभा जाळीदार असल्याने तो पाणी पितो. पावसाळ्यात त्याच्या छिद्रांत शिरलेले पाणी हळूहळू खाली उतरते आणि खालचा चिकण थर किंवा घट्ट काळा पाषाण लागला, की आडवे सरकते. असे पाणी जेथे बाहेर येते, तेथे झरा फुटतो किंवा विहिरीला चांगला पाझर लागतो. अशा डोंगराच्या पायथ्याच्या विहिरी माळावरच्या विहिरींपेक्षा अधिक दिवस टिकतात, हे जाणते लोक पूर्वापार सांगत आले आहेत. परंतु दगडाला पाणी प्यायला वेळ मिळाला पाहिजे. उतार बोडका असला, की पाणी घसरते, बरोबर माती नेते आणि तासाभरात ओढ्याला मिळून नाहीसे होते. तोच उतार गवताने झाकलेला असला, की तेच पाणी पाऊल अडखळत उतरते.

विंधन विहिरी आल्या, तेव्हा हा प्रश्न सुटला असे वाटले होते. आडाला चाळीस-पन्नास फुटांवर पाणी असे. विंधन विहीर दोनशे फुटांवरचे काढी. मग शेजाऱ्याने तीनशे फूट नेली. ऊस लावणाऱ्यांनी त्याहून खाली जाऊन पाहिले. काळ्या पाषाणाच्या खोल भेगांत साठलेले पाणी थोडे असते आणि ते मुरायला वर्षे लागतात. ते उपसायला एक उन्हाळा पुरतो. पुष्कळ गावांत आज आड आटलेले आणि विंधन विहिरी फक्त हवा ओढणाऱ्या, अशी अवस्था दिसते.

म्हणून आता मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी काम माथ्यापासून सुरू करतात. डोंगराच्या वरच्या अंगाला, उताराला आडवे, एकाच पातळीवर चर खोदतात. चराच्या खालच्या काठावर मातीचा बांध आणि त्यावर गवताचे बी. चर भरला, की पाणी सांडण्याऐवजी जिरते. त्याच्या खाली शेतांचे बांध घालतात, त्याच्या खाली ओढ्यात दगडमातीचे लहान बंधारे बांधतात आणि शेवटी गावतळ्यातला गाळ काढतात. काढलेला गाळ म्हणजे वरून वाहून आलेली शेतांचीच माती. ती गाड्या भरभरून पुन्हा वर, बरड रानात नेऊन टाकतात. क्रम उलटा केला, खालचा बंधारा आधी बांधला आणि वरचा उतार तसाच सोडला, तर दोन-तीन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो. असे भरलेले बंधारे या भागात कमी नाहीत. घाईने, नकाशा न पाहता, केवळ काम दाखविण्यासाठी खोदलेले चरही आहेत. त्यांत पाणी थांबत नाही, ते एका टोकाकडे धावते आणि तेथे नवीच घळ पाडते.

दिवाळी उरकली, की डोंगराकडेच्या गावांतील शेतकरी सकाळी विहिरीच्या काठावर येऊन खाली पाहतो. पाण्याच्या वर किती पायऱ्या उघड्या पडल्या आहेत, ते मोजतो. मागील वर्षी याच दिवसांत किती होत्या, ते त्याला पाठ असते. मग तो शेतात जाऊन काळ्या मातीचा एक गोळा मुठीत दाबून पाहतो. गोळा फुटला नाही, तर दोन एकर ज्वारी आणि बांधाकडेने करडई. फुटला, तर नुसता हरभरा, आणि तोही ओढ्याकडच्या तुकड्यात. एवढे ठरले, की तो तिफण काढायला घराकडे वळतो.